माडीची वरखाली लाकडी जमीन आणि टाइल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या जुन्या घरांत खालच्या मजल्याला कधीच कोटा नाहीतर व्हिट्रिफाइड लागलं, पण माडी अजून कडीपाटाचीच आहे, म्हणजे लाकडी कड्या (तुळया) आणि त्यांवर पाट (फळ्या). आता वरही टाइल्स करून घ्याव्यात असं घरोघरी चाललंय. विचारणा बहुतेक एकाच वाक्यात येते: "जमीन वरखाली आहे, लेव्हल करायला काय टाकू?" वरून काय टाकायचं हा खरं तर शेवटून दुसरा प्रश्न. जमीन वरखाली का झाली आणि पायाखाली किती वाकते, हे आधी. म्हणून खालचे प्रश्न त्याच क्रमाने लावलेत. घाई असेल तरी १ ते ५ सोडू नका.

१. लाकडी जमिनीवर टाइल्स बसतात का? आमचे मिस्तरी सरळ नाही म्हणतात.

बसतात. मिस्तरी नाही म्हणतात तेही उगाच नाही. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि माणूस चालला की वाकतं. टाइलला यातलं काहीच जमत नाही, ती एक तर राहते नाहीतर तडकते. तेव्हा जमीन आधी ताठ हवी, मग सुकी आणि निरोगी हवी, मग सपाट हवी. लोक तिसऱ्यापासून सुरुवात करतात आणि सहा महिन्यांत टाइल्सचे सांधे उघडतात. या तिन्ही गोष्टी जमल्या की लाकूड आणि टाइल यांच्या मध्ये एक असा थर लागतो जो लाकडाची हालचाल वर पोचू देत नाही (प्रश्न १३ आणि १४).

२. जमीन किती हलते हे घरच्या घरी कसं बघायचं?

खोलीच्या मधोमध स्टीलचं ताट ठेवा, काठोकाठ पाणी भरा आणि ताटापासून दोन हात अंतरावर उभं राहून टाचा उचलून आपटा. पाणी थरथरलं तर चालेल, सांडलं तर जमीन टाइल्सला तयार नाही.

हा झाला अंदाज. नीट मोजायचं तर खालच्या खोलीत जा. ज्या कडीवर संशय आहे तिच्या मध्यावर एक सरळ बांबू किंवा पट्टी उभी बांधून खाली लोंबती सोडा, तिचं टोक जमिनीपासून बोटभर वर राहू द्या. शेजारी एक वीट उभी करून टोकाची खूण विटेवर पेन्सिलीने मारा. आता वर चार मोठी माणसं त्याच कडीच्या मध्यावर एकमेकांना खेटून उभी राहू देत. टोक किती खाली आलं ते मोजा. टाइल्ससाठी सर्वमान्य मर्यादा म्हणजे कडीच्या मोकळ्या लांबीचा ३६० वा भाग. म्हणजे १० फुटांच्या कडीला ८ मिलिमीटर. कोटा, ग्रॅनाइट, संगमरवर असा दगड लावायचा असेल तर ७२० वा भाग, म्हणजे ४ मिलिमीटर. चार माणसांचं एका जागचं वजन हे अशा कडीवर येणाऱ्या पूर्ण वापराच्या भाराच्या आसपास जातं, म्हणून ही चाचणी पुरेशी बोलकी आहे. मी स्वतः जुन्या लाकडाला ४ मिलिमीटरच्या पुढे टाइल्सची परवानगी देत नाही. लाकूड वर्षानुवर्षं वजन सोसत हळूहळू आणखी खाली जात असतं.

३. वरखाली नेमकी कुठे आणि किती आहे हे कसं मोजू?

दहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, उभी आणि तिरकी फिरवा. पट्टीखाली जिथे फट दिसते तिथे खडूने आकडा लिहा, जिथे पट्टी उंचवट्यावर डुलते तिथे फुली मारा. अर्ध्या तासात खोलीचा नकाशा जमिनीवरच तयार होतो.

एक फूट किंवा त्याहून लहान टाइलला दहा फुटांत ६ मिलिमीटरचा फरक चालतो. सव्वा फुटाहून मोठी टाइल असेल तर ३ मिलिमीटरच.

पाणसळ लावून खोली एका बाजूला उतरलेली दिसली तर लगेच ती भरून काढायच्या मागे लागू नका. बहुतेक जुन्या माड्या एका भिंतीकडे झुकलेल्या असतात. सगळी जमीन एकाच उताराने सपाट असेल तर टाइल्स उत्तम बसतात. उतार काढायला चार-पाच इंच भरणा करून माडीवर वजन लादण्यापेक्षा कपाटाच्या पायाखाली चकती ठेवणं शहाणपणाचं.

४. जमीन अशी होते तरी कशाने?

आपल्याकडे पहिलं कारण साठवण. भाव येईपर्यंत कापूस घरात भरून ठेवायचा आणि ज्वारी-गव्हाची पोती माडीवर चढवायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. घरांच्या मोजणीत राहत्या खोलीला चौरस मीटरमागे २०० किलो भार धरतात. म्हणजे क्विंटलची दोन पोती. थप्पी लागली की तो आकडा कुठच्या कुठे जातो. अशी वाकलेली कडी पोती उतरवल्यावर सरळ होत नाही, पोट पडलेलंच राहतं.

दुसरं, भिंतीतलं टोक कुजलेलं किंवा उधईने खाल्लेलं असणं. तेव्हा खड्डा मधोमध नसतो, भिंतीलगत असतो. तिसरं, पाट वाटीसारखे वळलेले असणं. प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खाली, म्हणजे बोटांना लाटा लागतात. हे सगळ्यात सोपं प्रकरण. चौथं काळ्या मातीचं. तापीकाठची काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि उथळ पायाच्या भिंती तिच्याबरोबर वरखाली होतात. भिंतीत तिरक्या भेगा असतील तर भेगेच्या टोकाला पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि एक पावसाळा-उन्हाळा जाऊ द्या. भेग पुढे सरकत असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, टाइल्स नंतर.

५. कडीचं टोक भिंतीत आहे. ते चांगलं आहे की नाही कसं कळणार?

एक जाड स्क्रूड्रायव्हर, हातोडी आणि टॉर्च पुरे. भिंतीतून कडी जिथे बाहेर येते तिथली धूळ आणि चुन्याचे पापुद्रे ब्रशने झाडा. लाकडावर हातोडीच्या दांड्याने टकटक करत मध्यापासून भिंतीकडे जा. निरोगी सागवान खणखणीत बोलतं, भिंतीजवळ आवाज बसका आणि भुसभुशीत झाला की थांबा. तिथे स्क्रूड्रायव्हर रेषांच्या आडव्या दिशेने टोचा. टोक दोन-तीन मिलिमीटरवर अडलं तर ठीक. बोटाच्या पेराएवढं आत शिरलं आणि उचकटताना लाकडाचा लांब धागा न निघता चौकोनी तुकडे पडले, तर ते टोक गेलंय. वरून रंग, तेल, वार्निश कितीही छान असो. पन्हळीचं पाणी मुरणाऱ्या आणि न्हाणीघरामागच्या भिंतीकडची टोकं आधी तपासा, कारण तिथे नक्की काहीतरी सापडतं.

गेलेलं टोक कापून त्याला नवा तुकडा जोडणं किंवा भिंतीलगत लोखंडी ब्रॅकेट, नाहीतर आडवी तुळई देऊन आधार देणं, हे सुताराचं आणि इंजिनिअरचं काम आहे. टाइलवाल्याच्या भरवशावर सोडू नका.

६. उधई एकदा औषध मारून गेली होती. परत बघायची गरज आहे का?

आहे. टाइल्स बसल्या की लाकूड कायमचं झाकलं जातं आणि पुन्हा दिसतो तो थेट खड्डा. भिंतींच्या कोपऱ्यांत मातीच्या बारीक नळ्या शोधा. दिसल्या तर पेस्ट कंट्रोलवाल्याकडून जमिनीपासून भिंतीपर्यंत उपचार करून घ्या. नुसतं लाकडावर फवारून भागत नाही, कारण वारूळ खाली असतं. पाट उघडे आहेत तोवर कड्यांच्या वरच्या बाजूलाही औषध लावून घ्या, ती संधी परत येत नाही. औषधाचा ओलावा पूर्ण वाळू द्या आणि मगच पुढचा थर.

७. आमच्या पाटांवर वीतभर माती आहे, वरून सारवलेली. माती ठेवून वर टाइल्स करता येतील?

नाही. माती दबते, भुगा होते, टाइल तिच्यावर पोकळ वाजते. पण मला यात वाईट बातमीपेक्षा चांगली बातमी दिसते. १० बाय १० च्या खोलीत चार इंच माती म्हणजे साधारण दीड टन वजन. ती काढली की माडी एकदम हलकी होते आणि नव्या थरांना जागा मिळते. तुलनेसाठी त्याच खोलीचे आकडे: साध्या टाइल्स पावणेदोनशे ते दोनशे किलो, १८ मिलिमीटरचा प्लाय सव्वाशेच्या आत-बाहेर, इंचभर जाडीचा कोटा सहाशे किलो, दोन इंच वाळू-सिमेंटचा कोबा जवळपास एक टन.

माती काढताना एका कोपऱ्यात ढीग लावू नका. सगळीकडून सारखी कमी करत टोपल्यांनी लगेच खाली उतरवा. तोंडाला नीट मास्क बांधा, खालच्या खोलीतलं सामान झाका. आणि ज्यांना नंतर वाटतं की खाली पावलांचा आवाज फार येतो, त्यांचं वाटणं बरोबर आहे. तो आवाज माती गिळत होती. पाट आणि प्लायच्या मध्ये पातळ रबरी किंवा फोमची गादी घालून ते भागवायला जाऊ नका, टाइलखाली मऊ काही नको. आवाज अडवायचा तर खालून, कड्यांच्या मधल्या खणांत रॉकवूल भरून छत लावा.

८. भाऊ, फळ्यांवर कोंबडीजाळी ठोकून सरळ दोन इंच कोबा टाकला तर? आमच्याकडे सगळे तेच करतात.

पद्धत अगदीच चुकीची नाही. तिच्यात लाकडावर आधी डांबरी फेल्ट किंवा जाड प्लास्टिक अंथरतात, म्हणजे कोब्याचं पाणी लाकूड पीत नाही आणि कोबा वेगळी लादी म्हणून राहतो. आपल्याकडे फेल्ट वगळतात आणि जाळी फळीला चिकटून तळाशी राहते. ओला माल थेट फळीवर पडला की फळ्या फुगतात, वाळताना आकसतात आणि कोबा पहिल्याच महिन्यात सुटतो. तरी मुख्य अडचण वजनाची आहे. वर सांगितलेला एक टन, त्यावर टाइल्स, त्यावर संसार. इंजिनिअरने कड्या मोजून हो म्हटलं तर करा. नुसतं "शेजारच्यांचं टिकलंय" यावर नको, शेजारच्यांच्या कड्या किती जाड आहेत ते कुणी पाहिलेलं नसतं.

९. कड्यांना पोट पडलंय. जॅक लावून सरळ करता येतील का?

थोड्या वर येतात, सरळ होत नाहीत. गाडीचा बाटली-जॅक जाड फळीवर ठेवून, खाली शहाबादी फरशी पोकळ नाही ना हे बघून, रोज दोन-तीन मिलिमीटरच उचला. एका दिवसात इंच उचलायला गेलात तर भिंतीचा गिलावा बोलायला लागेल.

खरा उपाय पाट उचलून, कडीच्या बाजूला नवी कडी जोडण्याचा. नवी कडी जुनीच्या उंचीची किंवा थोडी जास्त घ्या, दोन्ही टोकं भिंतीवर नीट टेकवा, १२ मिलिमीटरचे बोल्ट दीड-दीड फुटावर वर-खाली आलटून पालटून द्या. आणि नव्या कडीची वरची कड दोरीने सरळ रेषेत धरा, जुनी खाली लोंबत असू दे. एकाच कामात जमीन ताठही होते आणि सपाटही, वर कुठलाही भरणा न टाकता. या पानावरचं सगळ्यात कामाचं उत्तर मला विचाराल तर हे आहे. लाकूड महाग पडत असेल तर लोखंडी सी चॅनलही चालतो, फक्त त्याला आधी रेड ऑक्साइड मारा.

जाडी निवडताना लक्षात ठेवा: कडीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, उंची दुप्पट केली तर आठपट. म्हणून आडवी ठेवलेली जाड फळी काही कामाची नाही. पाट उचलायचेच नसतील तर खालच्या खोलीत कड्यांच्या मध्यावर एक आडवी तुळई दोन खांबांवर द्या. लांबी निम्मी झाली की सारख्या पसरलेल्या भाराखाली वाकणं सोळाव्या हिश्शावर येतं. खालच्या खोलीत खांब येतो, एवढं सोसावं लागतं.

१०. कड्या चांगल्या आहेत, नुसत्या फळ्या करकरतात आणि वळल्यात.

मग नशीबवान आहात. जुने खिळे पंचने आत ठोका, नाहीतर रंध्याचं पातं जाईल. प्रत्येक फळी प्रत्येक कडीला दोन-दोन स्क्रूंनी आवळा. सागवानात स्क्रू सहज जातो. सातपुड्याकडच्या काही घरांत कड्या अंजनाच्या असतात, तिथे आधी बारीक ड्रिल मारल्याशिवाय स्क्रू आत जायचं नाव घेत नाही, डोकं तुटतं. आवळून झाल्यावर वर राहिलेल्या कडा रंध्याने किंवा सँडरने काढा. कुजलेली फळी बदला, तिच्यावर पुट्टी भरू नका. फळीवर नाचल्यावरही आवाज यायचा बंद झाला की पुढे.

११. आता उरलेला खोलगटपणा कशाने भरू?

किती उरलाय त्यावर. तीन-चार मिलिमीटर असेल तर काही करू नका, चिकटवायच्या मालात निघून जातं. पाच ते पंधरा असेल आणि खड्डे विखुरलेले असतील तर प्लायखाली कडीच्या रेषेवर लांब उतरत्या पट्ट्या तासून लावा. पट्टी कडीच्या पूर्ण लांबीची हवी. जागोजागी पुठ्ठा, लिनोलियमचे तुकडे, तुटक्या पाचरी घालू नका, मधे प्लाय अधांतरी राहतो. मोठ्या भागात सलग उतार-चढ असेल तर लेव्हलिंग कंपाउंड (प्रश्न १२). वीस मिलिमीटरच्या वर असेल तर तुम्ही प्रश्न ९ सोडून इथे आलात.

१२. सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड लाकडावर ओतता येतं का?

येतं, पण सगळी पाकिटं लाकडासाठी नसतात. पाकिटावर 'लाकडी पृष्ठभागावर' असं स्पष्ट लिहिलेलं, तंतुमिश्रित घ्या आणि त्याच कंपनीचा लाकडासाठीचा प्रायमर लावा. लाकडावर किमान जाडी सिमेंटच्या जमिनीपेक्षा जास्त लागते, सहसा १० मिलिमीटरच्या पुढे, आणि आत जाळी लागते. नेमका आकडा पाकिटावरचाच धरा.

ओतण्याआधी प्रत्येक फट, गाठीचं भोक, वायरचं छिद्र सीलंटने बंद करा आणि भिंतीलगत फोमची पट्टी लावा. हा माल पाण्यासारखा वाहतो. फट राहिली तर माडी लेव्हल न होता खालच्या खोलीतला टीव्ही लेव्हल होतो. वजन एका मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास. १० बाय १० मध्ये सरासरी १५ मिलिमीटर ओतलं तर सव्वादोनशे ते अडीचशे किलो. म्हणून मी हे शेवटचा हात म्हणून वापरतो, पहिला नाही.

१३. प्लाय कोणता आणि कसा लावायचा?

मरीन, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला, १८ मिलिमीटर. कमर्शियल प्लाय ओल्या फडक्यानेही फुगतो आणि पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांचं तर नावच नको. तक्त्याच्या वरच्या रेषा कड्यांना आडव्या जातील असं ठेवा. चार कोपरे एका जागी भेटू देऊ नका, विटांच्या रद्द्यासारखं सांधे हलवत चला. दोन तक्त्यांत ३ मिलिमीटर आणि भिंतीलगत ८-१० मिलिमीटर जागा सोडा.

स्क्रू कडेला सहा इंचांवर, मध्ये आठ इंचांवर. इंची फळी असेल तर ३५ मिलिमीटरचा स्क्रू पुरे, तो फळीत थांबावा, कडीत उतरू नये. कड्यांची हालचाल प्लायपर्यंत येऊ द्यायची नाही हाच यातला मुद्दा. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू वापरू नका, ते ठिसूळ असतात.

१४. प्लायवर थेट टाइल लावली तर चालेल? सिमेंट बोर्ड लागतोच का?

काही चिकट माल प्लायवर थेट चालतात, पण मधला थर टाळू नका. दोन रस्ते आहेत. एक, ६ ते ८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड. तो प्लायवर चिकट मालाच्या थरात बसवायचा, मग स्क्रू, सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत आणि सांध्यांवर फायबर जाळीची पट्टी. सिमेंट बोर्डने जमीन ताठ होते असा समज आहे. होत नाही, तो फक्त टाइलला धरायला जागा देतो. दुसरा रस्ता, टाइलखाली अंथरायची विलगक मेंब्रेन. जाडी तीन मिलिमीटर, वजन नगण्य, लाकडाची आडवी हालचाल ती आपल्यात जिरवते. महाग आहे आणि तालुक्याच्या दुकानात बहुधा मागवावी लागते. उंचीची अडचण असेल (प्रश्न १७) तर मात्र पैसे वसूल.

१५. टाइल कोणती घ्यावी, आणि चिकटवायला काय?

मोरबीहून ट्रकच्या ट्रक येतात आणि दुकानदार २ बाय ४ पुढे करतो. माडीसाठी तो मोह आवरा. एक फुटी किंवा १६ इंची टाइल घ्या. मोठ्या टाइलला जमीन अधिक सपाट लागते आणि थोडं वाकणंही तिच्या कोपऱ्यांवर येतं. सांधा ३ मिलिमीटरचा ठेवा. टाइलला टाइल भिडवून 'जॉइंट दिसू नये' हा हट्ट इथे नको.

माल पॉलिमरयुक्त, लवचिक घ्या. पाकिटावर 'एस १' किंवा 'एस २' लिहिलेलं असतं, एस २ जास्त लवचिक. दातेरी थापीने एकाच दिशेला ओढा, टाइल आडवी दाबून सरकवा. दर थोड्या वेळाने एक टाइल उचलून मागची बाजू बघा, माल सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल बसवणारा मिस्तरी असेल तर त्याला खालच्या मजल्याचं काम द्या.

१६. कोणत्या महिन्यात करावं?

दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, लाकूड सगळ्यात आकसलेलं असतं. तेव्हा गच्च बसवलेला प्लाय आणि टाइल आषाढात फुगवट्याला तोंड देते. पावसाळ्यात उलटं. मॉइश्चर मीटर मिळाला तर लाकूड १२ टक्क्यांच्या आत असू द्या. प्लाय आणल्या आणल्या लावू नका, त्याच खोलीत दोन-तीन दिवस मोकळा उभा करून ठेवा.

उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर काम सकाळी नऊपर्यंत, खिडक्यांना ओली पोती, माल थोडा थोडा कालवा. पसरलेल्या मालावर बोट लावा. बोटाला लागला नाही तर वर साय धरलीय, खरवडून फेका. पाणी शिंपडून जिवंत करू नका.

१७. सगळे थर मिळून जमीन किती वर येते?

प्लाय १८, सिमेंट बोर्ड ८, माल ४-५, टाइल ९. म्हणजे दीड इंचाहून थोडं जास्त. मेंब्रेन घेतली तर चार-पाच मिलिमीटर वाचतात. जुन्या दारांची चौकट मुळातच बुटकी, तेव्हा दार खालून कापावं लागेल का ते आधी बघा. जिन्याकडे जास्त लक्ष द्या. शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच झाली की घरचे रोज ठेचकाळतात. माती काढली असेल तर हा प्रश्न बहुतेक आपोआप सुटतो.

१८. माडीवर बाथरूम किंवा मोरी करायचीय.

माझं मत नको असं आहे. उन्हाळ्यात पाणी चार-आठ दिवसांनी येतं म्हणून लोक बाथरूममध्ये ड्रमही भरून ठेवतात. २०० लिटरचा एक ड्रम म्हणजे दोन क्विंटल, तेही दोन फुटांच्या जागेत. आणि गळती लाकडात मुरते, ती दिसते तेव्हा कडी गेलेली असते. घरात आजारी किंवा वयस्कर माणूस आहे, दुसरा इलाजच नाही, अशा वेळी त्या भागाखाली लोखंडी तुळयांवर छोटा स्लॅब करून घ्या आणि लाकडाला त्यातून वगळा. स्वयंपाकघर चालतं. मिरची कांडायचं उखळ मात्र खाली ठेवा.

१९. धाब्यावर टाइल्स बसवता येतील का? पावसात गळतं.

गळणं थांबवायला टाइल्स हा उपाय नाही. धाबं म्हणजे मातीचं सपाट छत, ते भिजतं आणि वाळतं, त्यावरच टिकलंय. वर टाइल्सचं झाकण घातलं तर सांध्यांतून पाणी आत जाईलच, फक्त वाळायचा रस्ता बंद होईल, आणि पाट कुजतील. दरवर्षी खारी माती टाकणं जमत नसेल तर वेगळ्या आधारावर पत्र्याचं छप्पर करा. हे पान छताखालच्या जमिनीपुरतं आहे.

२०. दुकानात लोखंडी अँगलवर प्लाय टाकून पोटमाळा केलाय. त्याला हेच नियम?

हेच, फक्त तपासणी आणखी कडक. अँगल वाकत कमी दिसले तरी थरथरतात. प्रश्न २ मधली ताटाची चाचणी आधी करा. थरथर असेल तर मधे आडवे अँगल वेल्डिंग करून खण लहान करा. गिऱ्हाईक वर येत नसेल तर विनाइल टाका आणि मोकळे व्हा.

२१. टाइल्स बसून वर्ष झालं, एकाच सरळ रेषेत तडे गेलेत. फक्त त्या टाइल्स बदलू का?

रेष कुठे आहे ते बघा. कडीच्या वरून गेली असेल तर कडीच्या दोन बाजूंचे पाट वेगवेगळे वाकताहेत. प्लायच्या सांध्यावर असेल तर सांधा हलतोय किंवा बोर्डचा सांधा त्याच रेषेत आलाय. ते खालचं कारण न काढता टाइल बदलली तर तडा त्याच जागी परत येईल. तिरका, कोपऱ्यातून निघालेला तडा असेल तर प्रश्न ४ मधली भिंतीची चाचणी करा. आणि कडेने सगळ्या टाइल्स उचलल्यासारख्या झाल्या असतील तर भिंतीलगतची जागा मिस्तरीने सिमेंटने भरलीय. ती कटरने मोकळी करा, बऱ्याचदा तेवढ्याने जमीन खाली बसते.

२२. अर्धी खोली जुनी लाकडी, अर्धी नवीन स्लॅबची. एकसंध टाइल्स हव्यात.

एकसंध दिसतील, एकसंध असू देऊ नका. लाकूड जिथे संपतं आणि स्लॅब सुरू होतो, नेमक्या त्या रेषेवर टाइलचा सांधा आला पाहिजे, म्हणून आखणी भिंतीपासून न करता त्या रेषेपासून सुरू करा. तो सांधा ६ ते ८ मिलिमीटरचा ठेवा आणि ग्राउटऐवजी (सांधे भरायचा सिमेंटचा माल) टाइलच्या रंगाचा सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. खालच्या प्लायमध्ये, बोर्डमध्ये, मेंब्रेनमध्येही ती फट तशीच वरपर्यंत आली पाहिजे. एखादा थर जरी वरून सलग गेला तर तडा तिथूनच निघतो. जास्त वर्दळीची जागा असेल तर सीलंटऐवजी ॲल्युमिनियमची मूव्हमेंट पट्टी बसवा. आणि मिस्तरी गेल्यावर तो सांधा एकदा स्वतः बोटाने दाबून बघा. दबला पाहिजे, कडक लागला तर सवयीने ग्राउट भरून गेलाय.